गुळव्याची दाढ

माझे वडील गुळव्या होते, आणि गूळ झाला की नाही हे ते दाढेला विचारायचे. अंथुर्ण्याकडच्या आमच्या भागातला ऊस नव्वदच्या दशकात बहुतेक कारखान्याला जायचा, तरी चार-दोन गुऱ्हाळं टिकून होती. त्यातल्या एकावर आबा, म्हणजे माझे वडील, दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत रस उकळायच्या भल्या रुंद काहिलीपाशी उभे असायचे. रस दोन-तीन तास उकळून आटला, फुगलेला फेस खाली बसायला लागला, की लांब दांड्याच्या पळीनं ते थेंबभर पाक उचलायचे, पाण्याच्या ताटलीत सोडायचे, बोटांनी त्याची गोळी वळायचे आणि उजवीकडच्या दाढेखाली धरून हळू दाबायचे. डोळे मिटलेले. मग एक तर मान हलवायचे, नाही तर म्हणायचे, "उतरवा." तेवढ्या एका शब्दावर सहा माणसं ती कढती काहील चुलीवरून ओढायची. मिनिटभर आधी ओढली तर ढेप बसत नाही, गूळ चिघळतो. मिनिटभर उशीर झाला तर काळा, करपट.

बाकीचे गुळवे ती गोळी काहिलीच्या काठावर मारून आवाज ऐकायचे. आबांना ते पटायचं नाही. "आवाज लबाड असतो," म्हणायचे. त्यांची दाढ लबाड नव्हती, असा त्यांचा आणि गुऱ्हाळाच्या मालकांचाही विश्वास होता.

मला लहानपणापासून का, कसं, कशानं विचारायची खोड. आई म्हणायची, हिला जन्मताना टाळूवर तेलाऐवजी चौकशी घातली. सायन्सची पदवी घेऊन मी बारामतीच्या एमआयडीसीत एका डेअरीच्या लॅबमध्ये लागले होते. दिवसभर दुधाची फॅट काढायची, संध्याकाळी लुनावरून घरी. लॅबमधला लांब थर्मामीटर मी एका रविवारी साहेबांना सांगून घरी आणला आणि गुऱ्हाळावर नेला. आबांनी "उतरवा" म्हटलं की मी तो पाकात बुडवायची. असे पाच-सहा रविवार मोजलं. दर वेळी पारा एकशे अठराच्या अलीकडे-पलीकडे. मी हरखून गेले.

"आबा, तुमच्या दाढेला डिग्री कळते."

"कळू दे. पन ती काच फुटून गुळात पडली तर तंगडं मोडीन," आबा म्हणाले आणि पुढच्या गोळीकडे वळले.

आता तीस वर्षं रोज गोड, चिकट गोळ्या दाबल्यावर दातांचं काय होणार ते सांगायला डॉक्टर लागत नाही. ज्या दाढेनं गूळ ओळखायचा, तिलाच गूळ खात होता. डावीकडच्या दाढा एकेक करून आठवडी बाजारात पटकूर टाकून बसणाऱ्या माणसानं चिमट्यानं उपटल्या होत्या. उजवीकडे वर एक आणि खाली एक, एकमेकींवर बसणारी एवढी एकच जोडी शिल्लक होती, आणि त्यातली खालची आतून पोखरली होती. ती गेली तर गोळी दाबायची कशावर? कवळीवर? कवळीला काय कळतं? आबा हे बोलून दाखवायचे नाहीत, पण गालावर हात ठेवून बसले की मला ऐकू यायचं.

त्या वर्षी हंगामाच्या मध्यातच ती ठणकायला लागली. लवंग झाली, हिंग झाला, तंबाखूची चिमूट झाली. मग वस्तीवरच्या एका मावशींनी रिंगणीची धुरी दिली. काटेरिंगणीचं बी तेलात भिजवून निखाऱ्यावर टाकायचं, वर भोक पाडलेली करवंटी पालथी घालायची, भोकात पपईच्या देठाची पोकळ नळी, आणि नळीतून येणारा धूर तोंडात धरायचा. तोंडातली लाळ पाण्याच्या वाटीत गळू द्यायची. थोड्या वेळानं वाटीत पांढऱ्या, बारीक अळ्या दिसतात. दातातले किडे पडले, असं सगळे म्हणतात.

मला राहवेना. मी त्यातल्या चार अळ्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून लॅबमध्ये नेल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. डोकं नाही, पाय नाहीत, तोंड नाही. दुसऱ्या दिवशी मावशींकडून मूठभर बी मागून आणलं आणि परसात निखाऱ्यावर टाकून तीच धुरी नुसत्या पाण्यावर धरली. कुणाचंही तोंड मध्ये नाही. तरीही पाण्यात अळ्या. म्हणजे ते बियांच्या पोटातले कोंब होते, उष्णतेनं उडून बाहेर पडलेले. मी धावत जाऊन आबांना दोन्ही वाट्या दाखवल्या.

आबांनी नीट बघितलं. मग म्हणाले, "पन दुखायचं थांबलं व्हतं."

"किती वेळ?"

"जेवान हुईपतोर."

ह्याच्यावर काय बोलणार, कपाळ. पण गडी हुशार. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाले, "तुझ्या त्या बारामतीच्या डाक्टराकडं चल. उपटायचीच असंल तर निदान सुई टोचून तरी उपटतील."

मी आठ दिवस ज्यांच्याकडे चला म्हणत होते, त्या डॉक्टर म्हणजे एसटी स्टँडजवळच्या एका जिन्याच्या वरच्या दोन खोल्यांत नुकताच दवाखाना टाकलेल्या बाई होत्या. इंदापूर तालुक्यातल्याच, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टेबलावर प्लॅस्टरचे दात. आमच्या घरात कुणी शहरी बोलायला लागलं की आबा गप्प होतात, पण ह्या बाईंनी आम्ही आत शिरताच "बसा आबा, कुठली दाढ हाय ती दावा" म्हटलं आणि आबांनी मुकाट आ केला.

मी खुर्चीला चिकटून उभी. त्यांनी दोन बोटांएवढी फिल्म आबांच्या जिभेशेजारी ठेवली, आबांनाच ती अंगठ्यानं दाबून धरायला लावली आणि यंत्राची सोंड गालाला लावली. मग बाह्या शिवलेल्या एका काळ्या पेटीत दोन्ही हात घालून त्या आत काहीतरी चाचपत राहिल्या, आणि पाच मिनिटांनी ओली फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. माझ्या बापाची दाढ आतून. वरचा मजला किडीनं खाल्लेला, पण दोन्ही मुळं हाडात सरळ उतरलेली. एका मुळाच्या टोकाशी काळा डाग होता. तिथं पू आहे, त्या म्हणाल्या.

"काढा मग," आबा म्हणाले.

"काढायची न्हाय आबा. ठेवायची हाय. आतली सडलेली शीर काढू, पोकळी साफ करू, बुजवू, वरून टोपी घालू. मुळं चांगली हायती."

आबांनी तोंड मिटलं. विचार करून सांगतो म्हणाले आणि जिना उतरले. खाली चहाच्या गाड्यावर कप हातात धरून कितीतरी वेळ बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शीर काढली म्हंजी दाढ मेली. मेलेल्या दाढेला गूळ कळंल का? जा, इचारून यी. मी न्हाय इचारत बाईमाणसाला असलं."

मी परत जिना चढले. डॉक्टरीणबाईंना प्रश्न फार आवडला. कागदावर त्यांनी चित्र काढून दाखवलं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंची झोळी असते आणि दात त्या झोळीत असतो. काय चावलं, किती कडक, ते त्या झोळीला कळतं. आतल्या शिरेला गार, गरम आणि ठणका कळतो. शीर काढली तरी झोळी राहते. मी खुळ्यासारखी बघतच राहिले. चोवीस वर्षं मी ह्याच झोळ्यांवर जेवत होते आणि मला पत्ता नव्हता.

"म्हणजे गूळ कळेल?" मी विचारलं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बहुतेक कळेल. पण आबांना जे कळतं ते किती बारीक आहे, हे मला माहीत नाही. असा पेशंट मी पाहिलेला नाही. केल्याशिवाय सांगता येणार नाही."

मी खाली आले. आबांनी मान वर केली. त्यांचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता, आणि मला माहीत होतं, 'बहुतेक' म्हटलं की हा माणूस उठणार आणि बाजारातल्या चिमटेवाल्याकडे जाणार.

"शंभर टक्के कळंल म्हणाल्या," मी म्हणाले.

आबा उठले आणि जिना चढायला लागले.

पहिल्या दिवशी बाईंनी मला आधी खाली मेडिकलमधून गोळ्या आणायला पाठवलं. मी परत आल्यावर त्यांनी रंगीत मुठींच्या सुयांनी आत साफ केलं. एकेक सुई बाहेर काढून त्या कापसाला पुसायच्या आणि मला दाखवायच्या. काळसर, ओल्या धाग्याचे तुकडे. एवढ्याशा धाग्यानं माझ्या बापाला आठ दिवस भिंतीला डोकं टेकवून बसवलं होतं. आत औषध ठेवून वर पांढरा लेप लावला. आठ दिवसांनी यायचं, तोवर त्या बाजूनं टणक काही चावायचं नाही, असं दोनदा सांगितलं.

दोन दिवसांत ठणका गेला, आणि ठणक्याबरोबर आबांची दवाखान्याची गरजही गेली. आठ दिवस झाले, पंधरा झाले. मी रोज भुणभुण लावायची. "दुखत न्हाय तर तितं काय आरती ओवाळाया जाऊ?" हे त्यांचं उत्तर. गुऱ्हाळ जोरात चालू होतं. गोळी त्या दाढेखाली ते दाबत नव्हते, एवढं मात्र खरं. पुढच्या दातांनी कसंबसं भागवत होते. त्यामुळं एक दिवस ढेप चिघळली, आणि दुसऱ्या दिवशी मालक सहज विचारल्यासारखं विचारून गेले, "आबा, दौंडाकडचा एक गुळव्या रिकामा हाय म्हणत्यात. मदतीला बोलवू का?"

आणि मग आबांनी तो ऊस सोलला.

आमच्याकडे नव्या शेतकऱ्याचा ऊस घाण्यात जायच्या आधी शेतकरी एक कांडं दोन्ही हातांनी गुळव्यापुढे धरतो. गुळव्यानं ते त्याच्यासमोर दातानं सोलायचं, चावायचं आणि रस कसा आहे, मळी काढायला चुना किती लागेल ते सांगायचं. कोयत्यानं तासून खाल्लं तर गुळव्या थकला असा गावभर बोभाटा होतो. दौंडच्या गुळव्याचं नाव निघालेलं, चार माणसं बघत उभी. आबांनी कांडं उजवीकडे घातलं आणि साल ओढली. कट्ट झालं. ते त्यांना एकट्यालाच ऐकू आलं असणार. तसेच चावत राहिले, चुना किती ते सांगितलं, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्यापुढं रुमाल सोडला. आत दाढेचा एक कोपरा होता, नखाएवढा.

मी आबांवर तोपर्यंत कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. ते खाली मान घालून ऐकत राहिले, आणि ते बघून मला आणखीच राग आला, कारण मला रडू येत होतं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. "आबा, काय सांगितलं व्हतं मी?" एवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, चीर दोन मुळांच्या मधून खाली गेली असेल तर काही उपाय नाही, काढावीच लागेल. फिल्ममध्ये चीर दिसेलच असं नाही. त्यांनी लेप काढून दाढ वाऱ्यानं कोरडी केली आणि बारीक काडीनं तिच्यावर निळा रंग लावला. मी बाटली बघितली आणि चकित झाले. हाच रंग आम्ही लॅबमध्ये दुधात घालतो, तो किती वेळात उडतो त्यावरून दूध किती ताजं ते ठरतं. इथं तो चिरेत शिरून बसणार होता. बाईंनी रंग पुसला, आरसा आत धरला, आणि मला जवळ बोलावलं. तुटलेल्या बाजूला एक निळी रेघ होती. ती हिरडीपर्यंत येत होती आणि तिथंच थांबत होती. दोन मुळांमधला तळ पांढरा स्वच्छ होता.

"वाचली," बाई म्हणाल्या.

मी खुर्चीचा हात धरून उभी राहिले.  घरी येताना एसटीत आबांची जीभ आणि अर्धे ओठ निळे, आणि समोरच्या सीटवरची बाई त्यांच्याकडे टकामका बघत होती. आबांनी तिला मुद्दाम जीभ दाखवली.

पुढच्या खेपांना मात्र एकदाही चुकले नाहीत. मुळं साफ करून गुलाबी, रबरी काड्यांनी बुजवली. एका मुळात बारीक धातूची खुंटी बसवून तिच्याभोवती दाढेचा बुंधा नव्यानं उभा केला. मग गुलाबी पीठ पाण्यात कालवून आबांच्या जबड्याचा साचा घेतला, तो पुण्याला पाठवला, आणि आठवड्यानं धातूची चकचकीत टोपी आली.  ती बसवायला तास लागला. बाई रंगीत कागद मध्ये ठेवून "चावा" म्हणत होत्या आणि आबा त्यांना दमवत होते.

"अजून उंच लागतीया."

बाई घासायच्या. "आता?"

"केसभर हाय."

बाईंनी भिंग लावून बघितलं. टोपीच्या एका कडेला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका उमटला होता. त्या माझ्याकडे बघून हसल्या. आबा हसले नाहीत. जिना उतरताना म्हणाले, "लोखंड लागतंय एवढं कळतंय. गूळ कळंल का ते काय म्हाईत."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गुऱ्हाळावर पळसदेवच्या बाजूचा, धरणाच्या फुगवट्याच्या काठचा ऊस आला होता. दौंडचा गुळव्याही येऊन कडेला बसला होता. मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुमचा काचेचा पारा लावून ठिवा. आबांस्नी न्हाय जमलं तर तुमी एकशे अठराला सांगा." मी थर्मामीटर काहिलीच्या कडेला दोरीनं बांधला. आबांनी तो बघितला आणि ते चुलीकडे वळले.

रस आटला. एकशे सोळाला आबांनी पहिली गोळी वळली, डोळे मिटून उजवीकडे धरली, दाबली. मग बाहेर काढून हातावर घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले. "काय कळंना," ते हळूच म्हणाले. ते फक्त मला ऐकू आलं.  मीच सांगितलं होतं शंभर टक्के. मीच त्या खुर्चीवर बसवलं होतं.

दुसरी गोळी. एकशे अठरा. आबा दाबून उभे. मालक माझ्याकडे बघत होते, काहिलीच्या कड्यांना हात घातलेली सहा माणसं आबांकडे बघत होती. आबांनी मान हलवली. नाही. मालकांनी मला भुवई उडवून खूण केली. माझी जीभ उचलेना. पारा एकशे एकोणीसला गेला आणि पुढं सरकला. पाकाचा वास बदलायला लागला होता, किंवा मला तसं वाटत होतं. तिसरी गोळी. आबांनी डोक्याचा पटका काढून खांद्यावर टाकला, गोळी दाढेखाली सरकवली आणि फार सावकाश दाबली. कानाच्या खालची शीर हलताना मला दिसली.

"उतरवा."

पारा एकशे एकवीस होता. मालक म्हणाले, "गेला गूळ." दौंडचा गुळव्या उठून पाक घोटायला लागला.

उन्हं कलली तेव्हा पहिली ढेप साच्यातून काढली. पिवळीधमक, कडा शाबूत. मालकांनी कोपरा फोडला, तो दाणेदार तुटला. दौंडच्या गुळव्यानं तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "खारवट रानाचा ऊस हाय, जादा ताव मागतो. त्या पाऱ्याच्या एकशे अठराला उतरवला असता तर चिकट गोळा झाला असता नुस्ता." मग आबांना नमस्कार करून त्यानं आपली पिशवी उचलली.

आम्ही दोघं घरी चाललो होतो, मी लुना हातानं ढकलत, आबा शेजारी. मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, त्या दिवशी डॉक्टरीणबाई शंभर टक्के म्हणाल्या नव्हत्या. ते मी पदरचं घातलं."

"ठाव हाय."

"कसं?"

"त्याच दिशी तू गोळ्या आणाया गेलतीस तवा मी इचारलं त्यांस्नी. म्हणल्या, आबा, मला न्हाय सांगता यायचं, चावून तुमीच मला सांगायचं. त्या बी तुझ्यावानी शंभर म्हणल्या असत्या तर उठून आलो असतो. जिला ठाव न्हाय ती ठाव न्हाय म्हणती, तिच्या हाती दाढ द्यायला काय हरकत हाय?"

 लॅबमध्ये कुणाच्या दुधाची फॅट मी कधी पॉइंटभरही वाढवून लिहिली नव्हती. घरच्या माणसाला मात्र शंभर सांगून मोकळी झाले होते, आणि तो माणूस मी ढकलत असलेल्या लुनाला मागून हात लावून चालत होता.